लेह : नव्यानं आलेल्यांनी काय पाहिलं?

शहराचा इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया ओघानं येतातच. आज मात्र आपण जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. एखाद्या शहरात बाहेरून राहायला आलेल्या माणसाला ते शहर पहिल्या दिवशी कसं दिसलं आणि वर्षभरानं कसं दिसलं, या दोन नजरांमधलं अंतर आपण बघणार आहोत. त्यासाठी मी लेह निवडलंय. एक तर लेहला येणारा प्रत्येक नवखा माणूस पहिल्याच दिवशी धापा टाकतो, त्यामुळे त्याचं लक्ष जागं असतं. दुसरं कारण, मी स्वतः नोकरीनिमित्त तिथे तीन वर्षं राहिलोय.

आधी जागा समजून घेऊ. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास दोन तृतीयांशच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढा कमी. वर्षभराचा पाऊस साधारण १०० मिलिमीटर. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या जोरदार दिवशी एवढा पाऊस पडून जातो. थोडक्यात, हे वाळवंटच आहे, फक्त थंड आणि उंचावरचं. तरीही तिथे जव म्हणजे सातू पिकतो, जर्दाळू पिकतात आणि शेकडो वर्षं एक भरभराटीची बाजारपेठ नांदली. हे कसं जमलं? नव्यानं आलेल्या माणसाला नेमकं हेच लवकर दिसत नाही.

लेहबद्दल सविस्तर लिहून ठेवणाऱ्या सुरुवातीच्या युरोपीय प्रवाशांमध्ये इप्पोलितो देसीदेरी हा इटालियन जेझुइट पाद्री येतो. १७१५ च्या मे महिन्यात तो श्रीनगरहून निघाला आणि जवळपास चाळीस दिवस पायपीट करून जूनअखेर लेहला पोहोचला. वाटेत झोजी-ला ओलांडताना बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हानं त्याचे डोळे सुजले. ओसाड डोंगर, भयाण वाट, असंच त्याचं प्रवासवर्णन आहे. पण लेहमध्ये पोहोचल्यावर सूर बदलतो. माणसं प्रेमळ आहेत, राजा आदरानं वागवतो, इथेच मुक्काम करावा, असं त्याला वाटू लागतं. त्याचा सोबती मानुएल फ्रेरे मात्र त्याच वाटेनं परत जायला तयार नव्हता. तिबेटमार्गे हिंदुस्थानात उतरावं, असा त्याचा आग्रह. शेवटी ऑगस्टमध्ये दोघं ल्हासाच्या दिशेनं निघाले. एकाच वाटेनं आलेली दोन माणसं. एकाला राहावंसं वाटतं, दुसऱ्याला कधी एकदा निघतो असं होतं. लेहमध्ये हे दोन्ही नमुने आजही भेटतात.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. सप्टेंबर १८२० मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट लेहला आला. हा पेशानं पशुवैद्य, ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडेपैदास केंद्राचा अधीक्षक. मध्य आशियातून उत्तम घोडे आणायचे, हा त्याचा ध्यास. लेह म्हणजे त्याच्यासाठी वाटेवरचा एक थांबा. पण यारकंदला जायची परवानगी काही मिळेना. व्यापारावर पकड असलेल्या काश्मिरी व्यापाऱ्यांना हा नवा प्रतिस्पर्धी नको होता. त्यामुळे थांबा लांबला आणि मूरक्रॉफ्ट जवळपास दोन वर्षं लडाखमध्ये अडकला.

या अडकण्याचा इतिहासाला मात्र फायदा झाला. दोन हिवाळे काढल्यावर त्याची नजर बदलली. त्यानं पाटाचं पाणी, सातूच्या जाती, मेंढ्या, बकऱ्या, पश्मिना लोकरीचा व्यापार, सगळ्याची बारकाईनं नोंद केली. द्रासकडे जनावरांना घातल्या जाणाऱ्या प्रांगोस नावाच्या चाऱ्यानं तर तो इतका भारावला की ही वनस्पती इंग्लंडात लावावी, असं त्याला वाटू लागलं. जाताना ज्या माळाला माणूस उजाड म्हणतो, तिथला चारा आपल्या देशात न्यावासा वाटणं, हा बदल लक्षात घ्या. तो लोकांच्या डोळ्यांतले मोतीबिंदूही काढत असे आणि त्याच्या दारी रुग्णांची रीघ लागे.

इथे एक राजकीय धागाही आहे. लडाखच्या राज्यकर्त्यांना शिखांच्या वाढत्या सत्तेची धास्ती होती. मूरक्रॉफ्टच्या मार्फत त्यांनी कंपनीच्या आश्रयाची इच्छा दाखवली. कंपनीनं ती झिडकारली आणि मूरक्रॉफ्टलाच समज दिली. कोलकात्यात बसलेल्यांच्या लेखी तो दूरचा ओसाड मुलूख होता. १८३४ मध्ये जम्मूच्या गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग लडाखमध्ये उतरला आणि पुढच्या काही वर्षांत ते स्वतंत्र राज्य संपलं. जम्मूवाल्यांना काय दिसलं होतं? पश्मिना. चांगथांगच्या विरळ गवतावर जगणाऱ्या बकऱ्यांची ती लोकर काश्मीरच्या शालींचा प्राण होती. एकाला जिथे दगड दिसले, तिथे दुसऱ्याला महसूल दिसला.

हीच नजर पुढे आपल्या संसदेतही डोकावली. १९५९ मध्ये अक्साई चिनच्या वादात पंडित नेहरूंनी, तिथे गवताचं पातंही उगवत नाही, अशा अर्थाचं विधान केलं. त्यावर बरीच टीका झाली आणि आजही होते. अक्साई चिन म्हणजे लेह नव्हे, तिथला भूभाग कितीतरी अधिक खडतर आहे. पण जमिनीची किंमत तिच्या हिरवेपणावरून ठरवायची सवय ही मैदानी माणसाची सवय आहे. आपण मराठी माणसंही त्याला अपवाद नाही. सह्याद्री बघितलेल्या डोळ्यांना पहिल्या दिवशी लेहचे डोंगर सोललेले वाटतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राहायच्याच तयारीनं आलेले लोक दिसतात. मोरावियन पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८८५ मध्ये लेहमध्ये ठाणं मांडलं. पुढे तिथे एक डॉक्टर आले, त्यांचं नाव कार्ल मार्क्स. हो, नाव तेच, माणूस वेगळा! त्यांनी दवाखाना चालवला आणि लडाखच्या राजांच्या बखरीवर कामही केलं. १८९१ मध्ये लेहमध्ये तापाची साथ आली. रुग्णांची शुश्रूषा करता करता डॉ. मार्क्स आणि मिशनचे प्रमुख रेड्सलोब, दोघंही दगावले. त्यांच्यामागून आलेल्या ए. एच. फ्रांके यांनी गावोगावचे शिलालेख आणि लोकगीतं गोळा केली, १९०४ मध्ये तिबेटी लिपीत एक वृत्तपत्र सुरू केलं आणि १९०७ मध्ये पश्चिम तिबेटचा इतिहास लिहिला. धर्मांतरं फारशी झाली नाहीत. पण शाळा राहिली आणि विणकामाच्या सुयाही राहिल्या. आज लेहच्या बाजारात आपण घेतो त्या लोकरी मोज्यांचा धागा या लोकांपर्यंत जातो.

पण बाहेरून आलेले म्हणजे फक्त युरोपीय, असं समजू नका. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून ते आपल्याला दिसतात. त्यांच्या कितीतरी आधीपासून काश्मिरी आणि यारकंदी व्यापारी लेहमध्ये येत होते. काहींनी लडाखी स्त्रियांशी लग्नं केली, त्यांच्या वंशजांना आरगोन म्हणतात. लेह बाजाराच्या टोकाला जामा मशीद आणि तिच्या डोक्यावर सेंगे नामग्यालचा नऊ मजली राजवाडा, हे दृश्य म्हणजे त्या सामावून घेण्याचा पुरावाच. या व्यापाऱ्यांनी रोजनिशा लिहिल्या नाहीत, त्यांनी घरं बांधली.

मग सामावून जाण्यासाठी काय लागायचं? माझं उत्तर आहे, पाण्याची शिस्त. लेहचं पाणी वरच्या बर्फातून येतं. ते ‘युरा’ म्हणजे पाटांतून खाली उतरतं, ‘झिंग’ नावाच्या तळ्यांत साठतं आणि कुणाच्या शेताला कधी सोडायचं हे ‘चुरपोन’ नावाचा गावानं नेमलेला माणूस ठरवतो. आपल्याकडच्या फड पद्धतीतला पाटकरी आठवतोय ना? तसंच काहीसं. घरातलं शौचालयही कोरडं. त्यावर माती टाकायची, वसंतात तेच खत शेतात जातं. पाण्याचा थेंब खर्च नाही.

मी राहायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंना सगळे आमा-ले म्हणत. त्यांच्याकडे ‘ले’ हा आपल्या ‘जी’सारखा. जानेवारीत नळ गोठले की आम्ही टँकरच्या पाण्याच्या बादल्या वर न्यायचो. भाजी धुतलेलं पाणी मी मोरीत ओतायला निघालो की आमा-ले हात पुढे करून बादली घ्यायच्या. बोलायच्या काही नाहीत. ते पाणी फरशीला, मग झाडाला. तीन वर्षांत मला मिळालेला हा सगळ्यात मोठा इतिहासाचा धडा.

आता आजचा प्रश्न. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुलं झालं. २०२२ मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक पर्यटक आले. २०११ च्या जनगणनेत लेह शहराची लोकसंख्या होती जेमतेम ३० हजार. या पाहुण्यांसाठी हॉटेलं उभी राहिली, फ्लशची शौचालयं आली, आणि त्यासाठी जमिनीत बोअर मारले गेले. २०१० च्या ऑगस्टमध्ये ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. ज्या वाटा पाण्यासाठी मोकळ्या सोडायच्या असतात, त्यांवरही वस्ती झाली होती. कोरड्या ओढ्याला मोकळी जमीन समजणं, हीसुद्धा नवख्याचीच नजर.

उपाय शोधणारेही तिथलेच. चेवांग नोरफेल या अभियंत्यानं हिवाळ्यात वाया जाणारं पाणी उथळ बंधाऱ्यांत अडवून गोठवलं आणि कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. सोनम वांगचुक यांनी तेच पाणी स्तूपाच्या आकारात उभं गोठवलं. दोन्हींचा हेतू एकच, पेरणीच्या वेळी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाणी मिळावं.

मूरक्रॉफ्टला ती जमीन वाचायला दोन हिवाळे लागले. आपण चार दिवसांसाठी जातो, त्यातले दोन श्वास जुळवण्यात जातात. तेव्हा लेहला जरूर जा, पण निघण्याआधी एक पाट शोधा आणि तो कुठून येतो ते वर चढून बघून या. भेटेल त्याला ‘जुले’ म्हणा. आणि हॉटेलात बादलीभर पाणी मिळालं तर तक्रार करू नका, तिथे ते पुरेसं असतं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.