दूर्वा आणि मोगरा यांच्यातली चर

गौलीगुड्याच्या आठवणीत रामाचं देऊळ आणि बसस्टँड सगळेच लिहितात. मी आज आमच्या परसातल्या एका चरीबद्दल लिहितो.

हरळी ज्या परसात असते, तिथे बाकी काही टिकत नाही. मोगऱ्याच्या वाफ्यात ती पंधरा दिवसांत शिरायची. आबा म्हणायचे, मुळापासून काढा. आज्जी म्हणायची, "काढा, आणि गणपतीला एकवीस कुठून आणता ते सांगा." कारण हरळी म्हणजेच दूर्वा! हे भांडण आमच्याकडे दर श्रावणात ठरलेलं.

तोड काढली आत्याने. कोठीचं रेसिडेन्सीचं घर किर्कपॅट्रिक साहेबाच्या काळात, 1803 नंतर उभं राहिलं. 1949 पासून तिथे उस्मानियाचं महिला कॉलेज आलं, आणि पुढे आत्या तिथे शिकायला जाऊ लागली. तिथला माळी हिरवळीच्या कडेने फावड्याने चर मारताना तिने पाहिला. आपल्याकडे वाफ्याला वरंबा घालतात, म्हणजे माती उंच करतात. ही चर उलटी, खाली जाणारी. हिरवळ राखायची तर तिला कुठेतरी थांबवावं लागतं, म्हणून ही साहेबी रीत.

आबांना ती पटली, पण वेगळ्याच कारणाने. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला पूर आला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. हजारो माणसं गेली. भिंतीजवळ पाणी साचलेलं त्यांना कधीच बघवलं नाही. चरीला मोरीकडे उतार दिला की पाणीही निघून जाईल, हे त्यांनी हेरलं.

रीत सोपी, पण वेळ साधावी लागते. पाऊस उघडून वापसा आला की सुतळी ताणायची. दूर्वांच्या बाजूने फावडं सरळ उभं मारायचं, चार-पाच इंच खोल. वाफ्याच्या बाजूने तिरकं. ओल्या चिखलात केलं तर कड ढासळते, वाळल्यावर केलं तर ढेकळं निघतात. हरळीचे धावते फुटवे कडेवर येऊन हवेत लोंबतात, मग ते कात्रीने छाटायचे. जमिनीखालून मात्र ती जातेच, म्हणून पावसाळ्यात महिन्याला एकदा कड पुन्हा मारावी लागे. चरीत पडलेली माती तशीच ठेवली तर आठवड्यात त्यावरून पूल होतो. हे काम माझ्याकडे होतं, आणि मी दोनदा चुकवलं. दोन्ही वेळा मोगऱ्याचा बुंधा हरळीने गच्च भरला. आबा काही बोलले नाहीत, खुरपं हातात दिलं.

शेणखताची ददात नव्हती. नावातच गवळी असलेली ती वस्ती.

पुढे वाटण्या झाल्या, परसावर फरशी आली. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी माजघराच्या उंबऱ्याला लागलं. आबा तेव्हा नव्हते. आज्जीने मोरीकडे बोट दाखवलं आणि फावडं कुठे आहे विचारलं.

ते फावडं आता माझ्याकडे आहे, पातं अर्धं झिजलेलं.