अंतर्गत किरणोपचार : बिल समजून घेताना

किरणोत्सारी स्रोत शरीरात, गाठीच्या आत वा लगत ठेवून केलेल्या उपचारास ‘ब्रॅकीथेरपी’ म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ती नेहमीची. डोळ्यातील काही गाठींसाठीही ती वापरली जाते. विदर्भातील रुग्णांचा ओढा प्रामुख्याने नागपुरातील राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय व जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे असतो.

इरिडियम-१९२चे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस असल्याने हा स्रोत दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. रुग्ण कमी असले तरी हा खर्च टळत नाही. बिलात भूल, नळ्या बसविणे, सीटी स्कॅन, मात्रेचे नियोजन व प्रत्यक्ष किरणोपचार यांचा समावेश असतो. सांगितलेला दर एका बैठकीचा की संपूर्ण उपचाराचा, हे आधीच लेखी घ्यावे.

रुग्ण अनेकदा त्याच दिवशी घरी जातो. विम्यात २४ तासांच्या भरतीची अट असल्यास हा उपचार ‘डे-केअर’मध्ये मोडतो का, हे तपासावे. २०१२मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावाने सुरू झालेल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांनाच पूर्वमंजुरी मिळते. दुर्मीळ प्रकार यादीत नसल्यास भार कुटुंबावर पडतो. म्हणून ही चौकशी उपचारापूर्वीच करावी.