कन्येचा वाटा : कुराणातील दायविधी आणि मुंबईतील रूढी

इ. स. ६२५ मध्ये मदीनेजवळ उहुद येथे झालेल्या लढाईत साद बिन रबी हा मदीनेचा रहिवासी कामास आला. त्याच्या मागे विधवा पत्नी आणि दोन मुली होत्या. अरबांच्या तत्कालीन रिवाजास अनुसरून सादच्या भावाने सारी मालमत्ता आपल्या ताब्यात घेतली. तेव्हा ती विधवा मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली आणि धनावाचून ह्यांची लग्ने कशी व्हावयाची, असा प्रश्न तिने केला, असे हदीस-संग्रहांतील परंपरा सांगते. ह्या प्रसंगी जो निवाडा झाला तो असा : दोन्ही मुलींस मिळून दोन-तृतीयांश, विधवेस एक-अष्टमांश आणि राहिलेले भावास. म्हणजे मालमत्तेचे चोवीस भाग कल्पिल्यास सोळा मुलींचे, तीन विधवेचे व पाच भावाचे. भावाचे नाव वारसांतून वगळण्यात आलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याचा क्रम तेवढा बदलला. जो पूर्वी सर्वस्वाचा धनी होता, तो आता ठरावीक वाटे दिल्यानंतर उरेल त्याचा अधिकारी झाला.

कुराणाच्या चौथ्या अध्यायात, ‘निसा’ म्हणजे ‘स्त्रिया’ असे ज्याचे नाव आहे त्यात, हे वाटे सांगितलेले आहेत. एकुलती एक मुलगी असेल तर निम्मी मालमत्ता, दोन किंवा अधिक असतील तर दोन-तृतीयांश. आणि मुलगेही असतील तर प्रत्येक मुलास दोन मुलींइतका वाटा. मृताच्या आईवडिलांस, पतीस व पत्नीसही असेच निश्चित भाग आहेत. कन्येचा वाटा पुत्राच्या निम्मा ठेवला ह्यावर आधुनिक काळात पुष्कळ टीका झाली आहे आणि ती अस्थानी नाही. परंतु ज्या समाजात शस्त्र धरणारा पुरुषच वारस समजला जाई, तेथे हा वाटा कोणाच्या मर्जीवर न सोपविता अपूर्णांकांत बांधून दिला, ही गोष्ट कमी महत्त्वाची नव्हे. त्यातच मृत्युपत्राने मालमत्तेच्या एक-तृतीयांशाहून अधिकाची विल्हेवाट लावता येत नाही, हा नियम रूढ झाला. त्यामुळे बापास जिवंतपणी लिहून ठेवलेल्या कागदाने मुलीस वंचित करणे कठीण झाले. वाटा आणि त्याचे हे कुंपण, दोन्ही मिळून हा दायविधी पुरा होतो.

भारतात मात्र ह्या विधीचा मार्ग सरळ राहिला नाही. बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेने मुसलमानांच्या वारसा, विवाह इत्यादी बाबींत कुराणाचा कायदा लागू केला. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळी झालेल्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने निराळा क्रम घालून दिला : प्रथम सरकारी कायदे, त्यांच्या अभावी देशरिवाज, आणि देशरिवाजही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. पुणे, रत्नागिरी किंवा अहमदनगर येथील मुसलमान कुटुंबाचा तंटा न्यायालयात गेला, तर ग्रंथाआधी रूढी विचारात घ्यावयाची, असा ह्याचा अर्थ होता. मुंबई शहरासाठी सुप्रीम कोर्ट स्थापन करणारी १८२३ ची सनद वेगळी होती. तीत मुसलमानांच्या वारशाचे तंटे त्यांच्या ‘कायद्यांप्रमाणे व रिवाजांप्रमाणे’ चालवावेत, असे म्हटले होते. ह्या दोहोंत विरोध आल्यास काय करावयाचे, हा प्रश्न सनदेने सोडविला नव्हता. तो १८४७ मध्ये खोजा व मेमन ह्यांच्या प्रसिद्ध खटल्यांत उभा राहिला.

खोजे व कच्छी मेमन ह्या दोन्ही व्यापारी जमाती. सिंध-कच्छकडील लोहाणा समाजातून त्यांनी इस्लामचा स्वीकार केला, असे परंपरा सांगते. धर्म बदलला तरी घराची व पेढीची रचना जुनीच राहिली. मुलीस लग्नात द्यावयाचे ते द्यावे, तिचा निर्वाह चालवावा, पण बापाच्या मालमत्तेत तिला हिस्सा नाही, हा नियमही तसाच चालू राहिला. मुंबईतील कन्यांनी ह्याविरुद्ध दावे आणले. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते : आम्ही मुसलमान आहो, आमच्या बापाची मालमत्ता कुराणाप्रमाणे वाटली जावी. प्रतिपक्षाचे उत्तरही तितकेच साधे होते : आमच्यात असे कधी झाले नाही.

निवाडा देणारे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षही होते. शिक्षणाच्या क्षेत्रात नव्या विचारांचा कैवार घेणारे म्हणून त्यांची ख्याती होती. ह्या प्रकरणी त्यांनी जुन्या रूढीची बाजू उचलून धरली. सनद देणाऱ्यांचा हेतू कुराणातील वचने लोकांवर लादण्याचा नसून त्यांच्या चालत आलेल्या व्यवहारास संरक्षण देण्याचा होता. रूढी साक्षीपुराव्याने सिद्ध झाली आहे, आणि कन्येस वारशातून वगळणे सार्वजनिक हिताच्या विरुद्ध म्हणता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दावे खर्चासह फेटाळण्यात आले. पेरी ह्यांचा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे, हे मान्य करावयास हवे. समाजाचा कायदा त्याच्या ग्रंथात शोधावयाचा की त्याच्या आचरणात, ह्या प्रश्नाला आचरणात, असे उत्तर देण्यात काही गैर नाही. गैर होते ते एवढेच की आचरणाची साक्ष देण्यास आले ते जमातीतील प्रतिष्ठित पुरुष. ज्यांना त्या आचरणाने काही मिळत नव्हते त्या स्त्रियांची तक्रार हाच रूढी सर्वमान्य नसल्याचा पुरावा होता; तो पुरावा म्हणून मोजला गेला नाही.

ह्या निर्णयाची छाया पुढे सुमारे नव्वद वर्षे राहिली. खोजे व कच्छी मेमन ह्यांच्या वारशास हिंदू कायद्याचे नियम रूढी म्हणून लागू होतात, हे न्यायालयांचे गृहीतच होऊन बसले. पंजाबात १८७२ च्या कायद्याने रूढीस अग्रस्थान दिल्यामुळे तेथील मुसलमान जमीनदार घराण्यांतील मुलींची स्थिती निराळी नव्हती. दोन्हीकडे कारण आर्थिकच होते. मुलगी दुसऱ्या घरी जाते, आणि तिच्याबरोबर पेढीचे भांडवल किंवा शेतीचा तुकडा जावयाच्या हाती पडतो, ही भीती धर्माज्ञेहून बलवत्तर ठरली.

विसाव्या शतकात वारा फिरला. १९२० च्या कच्छी मेमन कायद्याने ज्या मेमन गृहस्थास इच्छा असेल त्याने प्रतिज्ञालेख करून मुसलमानी वारसा-कायदा स्वीकारावा, अशी सोय केली. ऐच्छिक सुधारणेचा दोष तीत उघड होता : प्रतिज्ञालेख करावयाचा बापाने आणि लाभ व्हावयाचा मुलीस. १९३८ च्या कायद्याने ही इच्छेची अट काढली आणि त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून सर्व कच्छी मेमनांचा वारसा मुसलमानी कायद्याखाली आणला. तत्पूर्वी १९३७ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाने शरीयत कायदा संमत केला होता. विधेयक हाफीज महंमद अब्दुल्ला ह्यांनी मांडले. रूढीखाली मुसलमान स्त्रीची स्थिती लाजिरवाणी असून स्त्रियांच्या संघटनांनी तिचा निषेध केला आहे, हे कारण विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत स्पष्ट नमूद होते. मुंबईच्या कन्यांनी १८४७ मध्ये मांडलेली मागणी अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आली. उलेमांचा व सुधारणेच्छू स्त्रियांचा पक्ष येथे एक झाला, हा योग पुढील काळात क्वचितच जुळून आला.

परंतु विधेयक संमत होताना त्यास दोन ठिकाणी मुरड पडली. दत्तक, मृत्युपत्र व मृत्युपत्रान्वये मिळणारी देणगी ह्या बाबी जिना ह्यांच्या सूचनेवरून ऐच्छिक ठेवण्यात आल्या. परिणामी ज्या खोजांत सर्व मालमत्तेचे मृत्युपत्र करण्याची रूढी होती, तेथे एक-तृतीयांशाचे कुंपण मोडलेलेच राहिले. मृत्युपत्र न करता बाप वारला तर मुलीस वाटा. केले तर त्याची मर्जी. दुसरी मुरड अधिक दूरगामी होती. शेतजमीन कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली, कारण १९३५ च्या घटना-कायद्याखाली तो प्रांतांचा विषय होता. बहुसंख्य मुसलमान कुटुंबांची मालमत्ता जेथे शेतजमिनीच्याच रूपात होती, तेथे ह्या अपवादाने कायद्याचा गाभाच गेला. मद्रासने १९४९ मध्ये व केरळने १९६३ मध्ये हा अपवाद दूर केला. उत्तर प्रदेशात उलट १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याने शेतजमिनीसाठी स्वतंत्र वारसक्रम ठरविला, आणि त्यात पुत्र असता कन्येस स्थान नव्हते. हा क्रम हिंदू व मुसलमान दोघांनाही सारखाच लागू होता.

रूढी सर्वत्र स्त्रीच्या विरुद्धच होती, असे समजणे मात्र चुकीचे होईल. उत्तर मलबारातील मापिळा मुसलमानांत मातृवंशीय ‘मरुमक्कत्तायम्’ पद्धती चालत असे. ‘तरवाड’ म्हणजे एकत्र कुटुंबाची मालमत्ता आईच्या वंशातून उतरे. तेथे १९१८ च्या कायद्याने स्वकष्टार्जित मालमत्तेस मुसलमानी वारसा लागू केला, तेव्हा बापाच्या मिळकतीत त्याच्या मुलांना हक्क मिळाला खरा, पण मुलीस तो भावाच्या निम्म्यानेच मिळाला. मुंबईत जे वचन कन्येस शून्यातून वर आणणारे होते, तेच मलबारात मातृवंशाच्या जागी बापाचा वंश आणणारे ठरले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा प्रश्न न्यायालयापर्यंत क्वचितच येतो. बाप वारल्यावर बहिणी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात आणि फेरफाराच्या नोंदीतून त्यांची नावे कमी होतात. हिंदू व मुसलमान घरांत ह्याबाबतीत फारसा भेद आढळत नाही. बाप हयात असताना मुलीने सोडलेला हक्क मुसलमानी कायद्याच्या दृष्टीने निरर्थक असतो, कारण तोपर्यंत तो हक्क जन्मासच आलेला नसतो. म्हणून कागद होतो तो मृत्यूनंतर. त्याच्या मोबदल्यात तिला माहेरचे दार उघडे राहते, ईदेला बोलावणे येते, बाळंतपणास जागा मिळते.