दीड दिवसाची शाळा आणि अण्णा भाऊंचा वारसा

अण्णा भाऊ साठे यांच्याविषयी पदव्युत्तर वर्गात प्रश्न विचारला, तर पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘ते दीड दिवस शाळेत गेले.’ मुंबईतील दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची पोस्टरे वाचत ते अक्षरे शिकले, ही दुसरी माहिती लगेच पाठोपाठ येते. ‘फकिरा’चे नाव घेतले जाते आणि उत्तर संपते. या कथेत आदर आहे, यात शंका नाही. तथापि एखाद्या लेखकाला ‘स्वयंशिक्षित’ म्हणून गौरवताना त्याला कोणतेही शिक्षण नव्हते असे आपण नकळत गृहीत धरतो, आणि मग त्याची कला हा एक चमत्कार ठरतो. चमत्काराला नमस्कार केला जातो. त्याचा अभ्यास होत नाही. अण्णा भाऊंचा वारसा जतन करण्यातली मुख्य अडचण मला इथेच दिसते.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (तालुका वाळवा, आजचा सांगली जिल्हा) येथील मांगवाड्यात झाला. ज्या जमातीला इंग्रजी राजवटीने कायद्यानेच गुन्हेगार ठरवले होते, तिच्यातील मुलाला शाळेचे दार कितपत उघडे होते हे वेगळे सांगावयास नको. १९३०च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब पायी चालत मुंबईला आले. पुढे गावी परतल्यावर अण्णा भाऊ आपले नातलग बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात दाखल झाले. पुन्हा मुंबईत आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पातील कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी त्यांचा संबंध आला. तिथे त्यांना वाचन मिळाले, चर्चा मिळाली आणि मॅक्सिम गॉर्की भेटला. तमाशाचा फड आणि कामगार वस्ती ही त्यांची दोन विद्यापीठे होत. दोन्हींना अभ्यासक्रम होता, गुरू होते आणि परीक्षाही होती. फडातली परीक्षा तर रोजचीच. प्रेक्षक उठून गेला की नापास.

या शिक्षणाचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज त्यांच्या निर्मितीचे स्वरूप कळत नाही. १९४४मध्ये अमरशेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. गण, गौळण, बतावणी, वग ही तमाशाची पारंपरिक बांधणी त्यांना अंगवळणी पडलेली होती. म्हणूनच ती कुठे मोडायची आणि कुठे राखायची हे त्यांना नेमके ठाऊक होते. गणातील गणपतीच्या जागी त्यांनी मायभूमीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना वंदन आणले. गौळण गाळली. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा आणि बतावणीतील टोलेबाजी मात्र कायम ठेवून तिची धार सावकार, काळाबाजारवाले आणि पुढारी यांच्याकडे वळवली. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले त्या काळात ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ होत गेले, त्यात या प्रयोगांचा वाटा मोठा आहे.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे, अशा आशयाचे जे विधान त्यांनी केले ते आज सर्वतोमुखी आहे. हे विधान सुटे उद्धृत केले जाते. पण गणातील दैवताची जागा श्रमाला देणाऱ्या शाहिराच्याच विचाराचे ते पुढचे पाऊल आहे, हे त्यांची लोकनाट्ये शेजारी ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही.

कथा-कादंबऱ्यांबाबतही हेच म्हणावे लागेल. १९५९मध्ये प्रसिद्ध झालेली, डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आणि पुढे राज्य शासनाचे पारितोषिक मिळालेली ‘फकिरा’ वाचताना वास्तववादी कादंबरीचा मापदंड लावला, तर घटनांचा वेग आणि व्यक्तिरेखांची ठळक रेषा खटकू शकते. राणोजी शिगावची जोगिणी पळवून आणतो आणि हद्दीचा रिवाज मोडून त्याचा वध होतो, हा आरंभीचा भाग पोवाड्याच्या कानाने ऐकून पाहावा. प्रसंगाची झटपट उभारणी, आव्हान, पाठलाग, बलिदान आणि त्या बलिदानातून पुढच्या पिढीवर येणारे ऋण, असा त्याचा क्रम आहे. हा शाहिराने शिकलेला रचनाबंध होय.

‘स्मशानातील सोनं’मध्ये खाण बंद पडल्याने प्रेतांच्या राखेतले सोने शोधणारा भीमा अखेरीस हाताची बोटे गमावतो, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता त्यानंतर येते. वगाच्या शेवटी प्रेक्षकाला जागीच खिळवणारी कलाटणी ज्याने रंगमंचावर घडवली आहे, त्यालाच असा शेवट इतक्या काटकसरीने साधता येतो.

आता जतनाकडे वळू. अण्णा भाऊंची उपेक्षाच झाली, असे आज सरसकट म्हणता येणार नाही. १९९८मध्ये त्यांचे निवडक वाङ्मय शासकीय पातळीवर प्रसिद्ध झाले, २००२मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२०मध्ये जन्मशताब्दी झाली आणि २०२२मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. १९६१मध्ये सोव्हिएत रशियाचा प्रवास करून त्यावर लिहिणाऱ्या लेखकाचा तिथे पुतळा असावा, हेही उचितच.

मात्र या साऱ्या जतनात लेखक उरला आणि कलावंत पुसट झाला. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले आणि अवघ्या सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमरशेख अपघातात गेले. एकाच पावसाळ्यात लिहिणारा हात आणि गाणारा गळा दोन्ही हरपले. छापील लोकनाट्यात संवाद आहेत. ढोलकी कुठे थांबायची, झीलकऱ्यांनी कुठला शब्द उचलायचा, सोंगाड्याने त्या दिवशीच्या बातमीला कुठे जागा करून द्यायची, हे कागदावर नाही. ‘माझी मैना’ ही छक्कड गावी राहिलेल्या प्रियेच्या विरहाने सुरू होते आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाच्या विरहापर्यंत पोहोचते. सभेतल्या हजारो श्रोत्यांनी ती ऐकली, तेव्हा हा अर्थ त्यांच्या साथीने उमलत गेला. आपण वर्गात ती कविता म्हणून वाचतो आणि तिचा अर्धा अर्थ दाराबाहेर ठेवतो.

म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे दोन कामे आहेत. एक, पहिल्या मुद्रणांशी ताडून केलेली, पाठभेद आणि बोलीतील शब्दांचा कोश असलेली चिकित्सक आवृत्ती. दुसरे काम अधिक निकडीचे आहे. हे वग आणि छकडी ज्यांनी पाहिल्या, गायल्या किंवा वडीलधाऱ्यांकडून उचलल्या, ती माणसे वारणेच्या खोऱ्यात आणि मुंबईच्या कामगार वस्त्यांत भेटू शकतात. त्यांच्या चाली, त्यांच्या आठवणीतले फेरफार, त्यांच्या तोंडची भाषा नोंदवून ठेवणे हे मराठी विभागांचे काम आहे. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला याहून मोलाचा विषय क्वचितच मिळेल. आणि या कामाला मुदत आहे. ग्रंथ शंभर वर्षे थांबू शकतो, म्हातारा झीलकरी थांबू शकत नाही.

दीड दिवसाच्या शाळेची गोष्ट सांगू नये, असे माझे म्हणणे नाही. ती व्यवस्थेने नाकारलेल्या शिक्षणाची गोष्ट आहे, तेव्हा ती सांगितलीच पाहिजे. फक्त तिच्यापुढे जाऊन, उरलेल्या आयुष्यात हा माणूस कोणाकडून काय शिकला, हेही सांगता आले पाहिजे. ते सांगण्यासाठी आधी आपल्यालाच त्या फडाच्या कडेला जाऊन बसावे लागेल.