शेगड्यातला आखूड तुकडा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे, महापे, तुर्भे येथील लहान कारखान्यांतून लोखंडी सळ्या कापणारा बँडसॉ पाहायला मिळतो. दातेरी पोलादी पट्टी दोन चाकांवरून अखंड फिरते आणि सळी कापते. या यंत्राचे शाळेतल्या तरफेच्या धड्याशी जवळचे नाते आहे.

अशा करवतीचे पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ च्या सुमारास घेतले. पण पट्टीची टोके जोडणारा सांधा चाकावर वाकताना तुटे. १८४६ मध्ये क्रेपँ या फ्रेंच महिलेने सांधा जोडण्याची पद्धत शोधली. पुढे पॅरिसच्या पेरँ यांनी चिवट पाती बनवली. तरीही ही करवत दीर्घकाळ मुख्यतः लाकडासाठीच वापरली गेली. धातुकामात ती रुळली विसाव्या शतकात. आपल्याकडे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे खाडीपलीकडच्या या पट्ट्यात कारखानदारी वाढली.

पाते सुधारले, तरी एक जुनी अडचण उरलीच. तुकडा आखूड असला की तो शेगड्याच्या जबड्यात फक्त पात्याकडच्या टोकाला बसतो. स्क्रू मात्र जबड्याच्या मध्यावर दाब देतो. दुसरे टोक रिकामे असल्याने सरकता जबडा तिरपा होतो आणि पकड सुटते. कापताना तुकडा फिरला तर पाते अडकते, दाते तुटतात. म्हणून काही जण तुकडा हाताने धरू पाहतात. तेथेच बोटे जायची भीती.

यावरचा उपाय साधा आहे. जबड्याच्या रिकाम्या टोकाला त्याच सळीचा, त्याच जाडीचा दुसरा तुकडा ठेवायचा. दोन्ही तुकडे स्क्रूपासून सारख्या अंतरावर असतील, तर १००० न्यूटन दाबापैकी प्रत्येकाला ५०० न्यूटन मिळतात. पण आपला तुकडा १० सेंटिमीटरवर आणि आधाराचा ५ सेंटिमीटरवर असेल, तर आपल्या तुकड्याच्या वाट्याला जेमतेम ३३३ न्यूटन येतात. म्हणून आधार जितका दूर, तितकी पकड घट्ट. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडलेला तरफेचा नियम तो हाच.

वर्गात हे दाखवायला यंत्र नको. दोन सारख्या खोडरबरांवर पट्टीची टोके टेकवून तिच्या मध्यावर बोटाने दाबावे. मग एक खोडरबर काढून पुन्हा दाबावे. पट्टी कलंडते. उद्या आयटीआयमध्ये जाणाऱ्या मुलाला बोटे का सांभाळायची एवढेच नव्हे, तर ती कशी सांभाळायची हेही यातून कळेल.