न्जाय, ईबा

न्जाय, ईबा : (१९२८–ऑक्टोबर २००८). सेनेगलचा अग्रगण्य आधुनिक चित्रकार व कलाशिक्षक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेत जी आधुनिक चित्रकला उदयास आली, तिच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते. बकरी ईदच्या बलिदानावरील चित्रमालिका आणि जॅझ संगीत व त्याचे वादक-गायक यांच्यावरील तैलचित्रे व रेखांकने हे त्याच्या निर्मितीचे दोन प्रमुख विभाग होत. आफ्रिकी चित्रकाराने आधी आफ्रिकी असावे की आधी चित्रकार, हा त्याच्या पिढीपुढील कळीचा प्रश्न होता. न्जायने त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले व त्याची किंमतही मोजली.

त्याचा जन्म सेनेगल नदीच्या मुखाजवळील सेंट लूई या बेटावरील शहरात झाला. सतराव्या शतकाच्या मध्यापासून येथे फ्रेंचांची वसाहत होती आणि सेनेगलमधील ज्या चार नगरांतील रहिवाशांना फ्रेंच नागरिकत्वाचे हक्क मिळाले, त्यांपैकी हे एक होते. वोलोफ भाषा, इस्लामी आचारधर्म, कॅथलिक चर्च व फ्रेंच शाळा यांचे तेथील दैनंदिन जीवनात सहजपणे मिश्रण झालेले होते. न्जायच्या कुटुंबातही मुस्लिम व कॅथलिक असे दोन्ही संस्कार नांदत होते. एकाच वेळी दोन परंपरांचा वारसा सांगण्यात त्याला पुढे कधीच अवघड वाटले नाही, याचे मूळ या शहरात शोधता येते. तेथील लिसे फेदेर्ब या विद्यालयात शिकत असताना, वयाच्या पंधराव्या वर्षापासूनच तो चित्रपटगृहांसाठी व दुकानांसाठी भित्तिपत्रके रंगवू लागला. मोठ्या आकाराची मानवाकृती दुरून ओळखता यावी अशा ठसठशीत रीतीने उभी करण्याचा सराव त्याला कोणत्याही कलाशाळेच्या आधी या धंदेवाईक कामातून मिळाला.

१९४८ मध्ये तो फ्रान्सला गेला. प्रथम माँपेल्ये येथे व नंतर पॅरिसमध्ये त्याने वास्तुकलेचे शिक्षण घेतले. परंतु त्याचा ओढा चित्रकलेकडे होता. पॅरिसच्या ग्रांद शोम्येर या मुक्त कलाशाळेत त्याने ईव्ह ब्रायेर याच्याकडे चित्रकलेचे व ओसिप झाडकिन याच्याकडे मूर्तिकलेचे धडे घेतले. युद्धोत्तर पॅरिस हे त्या काळी अमेरिकेबाहेरील जॅझचे सर्वांत मोठे केंद्र बनले होते. जर्मन अंमलाखाली संशयास्पद ठरलेले हे संगीत मुक्तीनंतर स्वातंत्र्याचे प्रतीक मानले जाऊ लागले आणि सेंट-जर्मेन-दे-प्रे भागातील तळघरांतून रात्री उशिरापर्यंत त्याच्या मैफली रंगू लागल्या. १९४९ च्या मे महिन्यात तेथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सवात चार्ली पार्कर, माइल्स डेव्हिस व सिडनी बेशे यांनी भाग घेतला. बेशेने तर लवकरच फ्रान्समध्ये कायमचे वास्तव्य केले. वर्णभेदाच्या जाचाला कंटाळलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांना पॅरिसमध्ये मानाने वागविले जात असे. मात्र त्याच फ्रान्सचे आफ्रिकेतील साम्राज्य अद्याप अबाधित होते, ही विसंगती वसाहतींतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. न्जाय या जॅझच्या वर्तुळांत वावरू लागला. आपल्याच खंडातून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी घडविलेली एक जगन्मान्य कला त्याला अशा प्रकारे परक्या भूमीवर जवळून ऐकावयास मिळाली.

अशीच दुसरी भेट मूर्तिकलेशी झाली. पारंपरिक आफ्रिकी मूर्तिशिल्पे व मुखवटे यांच्याकडे त्याचे लक्ष वेधले ते झाडकिनने. रशियात जन्मलेल्या एका मूर्तिकाराने सेनेगलच्या तरुणाला आफ्रिकेच्या कलेचा परिचय पॅरिसमध्ये करून द्यावा, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. परंतु वसाहतकालात त्या शिल्पांचे मोठमोठे संग्रह यूरोपातील वस्तुसंग्रहालयांतच जाऊन पडले होते. न्जायने यूरोपभर हिंडून या संग्रहालयांतील वस्तूंची असंख्य रेखाटने केली. त्याच वह्यांत व्हेलाथ्केथ, गोया, रेम्ब्रँट यांच्या चित्रांचाही त्याने अभ्यास केला. मुखवट्याची भौमितिक घडण आणि स्पॅनिश व डच चित्रकारांची छायाप्रकाशाची जाण ही दोन्ही त्याला सारखीच आपली वाटत. रेखाटन हा पाहण्याचा आणि स्मरणात साठविण्याचा मार्ग आहे, अशी त्याची धारणा होती व ती त्याने अखेरपर्यंत जपली.

सेनेगल स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना, १९५९ मध्ये, कवी व राजकीय नेते लेओपोल सेदार सेंगॉर यांच्या विनंतीवरून तो मायदेशी परतला. डाकार येथील नव्या कलाशाळेत त्याने दृश्यकला विभागाची स्थापना केली. सेंगॉर हे ‘नेग्रित्यूद’ या विचारसरणीचे एक प्रवर्तक. कृष्णवर्णीयांची अशी एक स्वतंत्र संस्कृती व संवेदना आहे आणि तिचा अभिमानाने उद्‌घोष केला पाहिजे, असे ही विचारसरणी सांगत असे. तिचा जन्म १९३० नंतरच्या दशकात पॅरिसमधील आफ्रिकी व कॅरिबियन विद्यार्थ्यांत झाला होता. १९६० मध्ये सेंगॉर राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तिला जवळजवळ राज्याच्या सांस्कृतिक धोरणाचे रूप आले. आफ्रिकी माणूस लयीने व भावनेने जगाला भिडतो, हे सेंगॉर यांचे आवडते सूत्र होते. त्याचा अर्थ कलाशिक्षणात असा लावण्यात आला, की विद्यार्थ्याला फारसे शिकवूच नये. त्याच्यात उपजत असलेले आफ्रिकीपण आपोआप चित्रात उतरेल.

डाकारच्या कलाशाळेत म्हणून दोन विभाग शेजारी शेजारी चालत. एका विभागाचा प्रमुख पापा ईब्रा ताल (१९३५–२०१५) हा होता. काँगोमधील ब्राझाव्हिल येथे पोटो-पोटो हे चित्रकेंद्र सुरू करणारा फ्रेंच शिक्षक प्येर लॉड्झ हाही पुढे त्याला येऊन मिळाला. विद्यार्थ्यांना साहित्य व मोकळीक द्यावी आणि शक्य तितके कमी मार्गदर्शन करावे, अशी लॉड्झची पद्धत होती. न्जायच्या विभागात याउलट रेखांकन, शरीररचना, रंगमिश्रण, रचनाशास्त्र व कलेचा इतिहास यांचा कसून अभ्यास करावा लागे. यूरोपीय तंत्र शिकल्याने आफ्रिकी विद्यार्थी भ्रष्ट होतो हे त्याला मान्य नव्हते. आपल्याकडून चित्रकार होण्याआधी आफ्रिकी असण्याची अपेक्षा करणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा तो विद्यार्थ्यांना देत असे. अशा अपेक्षेमागे बाहेरच्यांची नवलाईची हौस दडलेली असते आणि ती पुरविता पुरविता कलावंत आपल्याच देशात परका होतो, असे त्याला वाटे. या दोन्ही विभागांतून बाहेर पडलेल्या चित्रकारांचा पुढे ‘डाकार संप्रदाय’ या एकाच नावाने उल्लेख होऊ लागला; वस्तुतः त्या नावाखाली परस्परविरोधी भूमिका एकत्र नांदत होत्या. तालविषयी एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे, की तो स्वतः पॅरिसमध्ये शिकलेला कुशल कलावंत होता आणि त्याच्या चित्रजवनिकांतील लयबद्ध रेषेला उपजत म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. वाद होता तो शिक्षणपद्धतीचा.

एप्रिल १९६६ मध्ये डाकारला पहिला जागतिक निग्रो कलामहोत्सव भरला. तेथील समकालीन चित्र-शिल्पांच्या प्रदर्शनाचे संयोजन न्जायने केले. ‘प्रवृत्ती व संघर्ष’ अशा अर्थाचे त्या प्रदर्शनाचे नावच त्याच्या दृष्टिकोनाशी सुसंगत होते. आफ्रिकी कलेचा एकच चेहरा दाखविण्याऐवजी तिच्यातील मतभेद दाखविण्यावर त्यात भर होता. याच महोत्सवात ड्यूक एलिंग्टन याने आपल्या वाद्यवृंदासह कार्यक्रम केले. अटलांटिकपलीकडे गेलेले संगीत असे राजमान्य पाहुणे म्हणून परत आले. मात्र ज्या धोरणाच्या छत्राखाली हा सोहळा घडला, त्याच्याशी न्जायचे पटेनासे झाले होते. ताल याची चित्रजवनिकांची कार्यशाळा शासनाच्या आश्रयाने त्येस येथे भरभराटीला येत असताना, १९६७ मध्ये न्जाय पुन्हा फ्रान्सला गेला. पॅरिसमधील ‘ला रुश’ या जुन्या कलावंतवसाहतीत व दॉर्दोन्य भागातील घरी त्याने पुढील चाळीस वर्षे काम केले. सेनेगलशी असलेले नाते त्याने तोडले नाही, तथापि तेथील कलाशाळेला त्याच्यासारखा शिक्षक पुन्हा लाभला नाही.

फ्रान्समध्ये परतल्यावर त्याचे नाव झाले ते ‘ताबास्की’ या चित्रमालिकेमुळे. बकरी ईदला पश्चिम आफ्रिकेत ताबास्की म्हणतात. त्या दिवशी मेंढा बळी देण्याचा विधी बालपणापासून पाहिलेला असल्याने त्याचे तपशील न्जायला पाठ होते : बांधून ठेवलेली, वाट पाहणारी जनावरे, मातीत मुरणारे रक्त, सोललेले धूड. रेम्ब्रँटच्या सोललेल्या बैलाची आठवण या चित्रांतून साहजिकच होते. तपकिरी, गेरू व लाल रंगांचे दाट थर सुरीने व कुंचल्याने चढविल्यामुळे पृष्ठभागालाच मांसलपणा येतो. या मालिकेतील ‘फेर–आता पाळी कोणाची?’ अशा आशयाचे शीर्षक असलेले चित्र (१९७०) विशेष गाजले. शीर्षकातील प्रश्न मेंढ्यांपुरता राहत नाही. हिंसेला बळी पडणाऱ्या माणसांच्या समूहाकडे तो रोख आहे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. ही मालिका १९७० मध्ये सार्ला येथे व १९७४ मध्ये आम्यँ येथे प्रदर्शित झाली.

जॅझवरील चित्रे त्याने दीर्घकाळ केली. त्यांतील महत्त्वाची तैलचित्रे १९८० नंतरच्या दशकातील आहेत. ‘जॅझ इन मॅनहॅटन’ (१९८४) व ‘बेसी स्मिथला अभिवादन’ (१९८७) ही त्यांपैकी प्रसिद्ध होत. संगीतावरून चित्र काढण्याचे यूरोपीय आधुनिक कलेत दोन मार्ग रूढ झाले होते. कँडिन्स्कीने स्वरांना रंगांचे प्रतिरूप मानून आकृतीचा त्याग केला, तर माँद्रियानने न्यूयॉर्कमधील अखेरच्या वर्षांत बूगी-वूगीचा ताल चौकोनांच्या जाळ्यात बसविला. न्जायने यांपैकी कोणताही मार्ग पत्करला नाही. त्याच्या चित्रांत गाणारी स्त्री, तुतारीवाला, ट्राँबोनवादक हे मानवी देहानिशी उपस्थित असतात. परंतु त्यांच्या आकृती पूर्ण रेखलेल्या नसतात. अंधाऱ्या पार्श्वभूमीतून एखादा गाल, बोटांची पकड, पितळी वाद्याची सोनेरी झळाळी एवढेच उजेडात येते आणि उरलेले शरीर कुंचल्याच्या वेगवान फटकाऱ्यांत विरघळून जाते. आवाजाचा जोर जेथे निर्माण होतो, त्या ठिकाणीच, म्हणजे उघडलेले तोंड, फुगलेला गळा व ताणलेली मान यांवर, रंगाचा थर सर्वांत दाट असतो. शाईच्या पातळ थरांनी केलेल्या त्याच्या रेखांकनांत हाच परिणाम अगदी थोड्या साधनांनी साधलेला दिसतो. तेथे एका ओल्या फटकाऱ्यात वादक व वाद्य यांचा एकच आकार होतो. तैलचित्रांपेक्षा ही रेखांकने सरस आहेत, असे म्हणण्यास जागा आहे. मोठ्या कॅनव्हासवर क्वचित रंगांची गर्दी होते, तशी ती या रेखांकनांत होत नाही.

जॅझमधील वादक ठरलेल्या चालीच्या चौकटीत राहून आयत्या वेळी स्वरांची नवी उपज करतो. ही मोकळीक ऐकणाऱ्याला सहज वाटली, तरी वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय ती येत नाही. न्जायच्या फटकाऱ्यांची उत्स्फूर्तताही अशीच शेकडो रेखाटनांवर उभी आहे. डाकारच्या वादात त्याने जे सांगितले, त्याचा धडधडीत पुरावा त्याला या संगीतात मिळाला असावा. जॅझ हे आफ्रिकी तालपरंपरा, यूरोपीय वाद्ये व स्वरसंहती, चर्चमधील भजने आणि कापसाच्या शेतांवरील श्रमगीते यांच्या संकरातून निर्माण झाले. त्याच्या शुद्धतेचा शोध घेणे व्यर्थ आहे, आणि तरीही ते कोणाचे, याविषयी कोणाच्या मनात शंका येत नाही.

बेसी स्मिथ (१८९४–१९३७) हिची निवड या दृष्टीने बोलकी आहे. ‘ब्लूजची सम्राज्ञी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गायिकेचा मिसिसिपी राज्यात मोटार-अपघातानंतर मृत्यू झाला. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दाखल करून घेण्यास नकार दिला, ही कथा अनेक वर्षे सर्वत्र सांगितली जात होती. ती पुढे निराधार ठरली. पण ज्या समाजात अशी कथा लगेच खरी वाटावी, त्या समाजाविषयी ती बरेच काही सांगून जाते. न्जायने तिचा मृत्यू रंगविला नाही. त्याने तिला गाताना दाखविले आहे. ब्लूजमधील आर्तता व ताबास्कीतील मेंढ्याची मूक वेदना यांत त्याने एक नाते पाहिले, असे त्याच्या दोन्ही मालिका शेजारी ठेवल्यास जाणवते. दोहोंतही मान व गळा हाच चित्राचा केंद्रबिंदू आहे.

याच काळात त्याने ह्वान दे पारेहा या व्यक्तिरेखेवर काही चित्रे केली. पारेहा हा व्हेलाथ्केथचा मूर वंशीय गुलाम. तो स्वतःही चित्रकार होता व १६५० मध्ये व्हेलाथ्केथने त्याला मुक्त केले. त्याच वर्षी रोममध्ये व्हेलाथ्केथने केलेले त्याचे रुबाबदार व्यक्तिचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. न्जायने हाच चेहरा घेऊन त्याच्यावर कुत्री तुटून पडत असल्याचे दाखविले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीविरुद्धचा संघर्ष त्या वेळी ऐन भरात होता. स्पॅनिश चित्रकलेचा आदर राखूनच तिच्यातील एका माणसाची उरलेली गोष्ट सांगण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल. याखेरीज साहेल प्रदेशाची कोरडी भूदृश्ये व स्त्रियांची व्यक्तिचित्रेही त्याने रंगविली.

१९७७ मध्ये डाकारच्या म्यूझे दिनामिक या संग्रहालयात त्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. ज्या राष्ट्राध्यक्षांच्या सांस्कृतिक धोरणापासून तो दूर गेला होता, त्यांच्याच कारकीर्दीत हा सन्मान व्हावा, ही दोघांच्याही मोठेपणाची खूण आहे. नंतर १९८१ मध्ये न्यूयॉर्क व १९८७ मध्ये म्यूनिक येथे त्याची प्रदर्शने झाली. सेंगॉर १९८० च्या अखेरीस पदावरून निवृत्त झाले आणि शासनाचा कलांना असलेला आश्रय आटत गेला. म्यूझे दिनामिकची वास्तूही त्याच दशकात न्यायालयाकडे सोपविण्यात आली. डाकारमधील पुढील पिढीच्या चित्रकारांनी नेग्रित्यूदच्या ठरीव प्रतिमांविरुद्ध बंड केले, तेव्हा न्जायच्या जुन्या इशाऱ्याला नवा अर्थ आला. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी मोर फाय हा चित्रकार विशेष प्रतिभावान मानला जातो. न्जायचे निधन पॅरिस येथे झाले.