मेंडेल्सझोन घराण्यातील दुसरी माणसे

चित्रकथा हा मुलांच्या करमणुकीचा प्रकार, असा आपल्याकडे रूढ समज आहे. १९९२ साली आर्ट स्पीगलमन या अमेरिकन यहुदी चित्रकाराच्या ‘माउस’ या चित्रकथेला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या समजाला मोठा धक्का बसला. छळछावणीतून वाचलेल्या पित्याची कहाणी पुत्राने त्यात चितारली होती. परंतु ज्या देशाने हा संहार घडवून आणला, त्या जर्मनीतील कलावंताने यहुद्यांचा इतिहास कसा रेखाटावा?

१९७१ साली ब्रेमेन येथे जन्मलेल्या एल्के श्टायनर यांनी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. यहुदी कसे मारले गेले, एवढ्यावर न थांबता ते कसे जगले, याचा त्यांनी शोध घेतला. २००१ मधील त्यांच्या चित्रकथेचा विषय आहे उत्तर जर्मनीतील रेंड्सबुर्ग या लहान शहरातील यहुदी समाज. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे यहुदी कुटुंबे वसली. पुढे प्रिन्झेसिन रस्त्यावर त्यांनी १८४५ च्या सुमारास सभास्थान बांधले. नाझी राजवटीत तो समाज नष्ट झाला आणि प्रार्थनेच्या वास्तूत मासे धुरावण्याचा कारखाना आला. १९८० च्या दशकात तेथे यहुदी संग्रहालय उभे राहिले.

२००४ साली श्टायनर यांनी ‘दुसरे मेंडेल्सझोन’ ही चित्रकथा प्रसिद्ध केली. तत्त्वज्ञ मोझेस आणि त्यांचे नातू, संगीतकार फेलिक्स, यांची नावे जगाला ठाऊक आहेत. श्टायनर यांनी निवडली ती त्यांच्या सावलीतील माणसे. त्यांतील आर्नोल्ड हा वैद्य. मित्राच्या आग्रहाखातर १८४६ साली एक पेटी पळविल्यामुळे त्याला कारावास घडला. फेलिक्सचा पुत्र कार्ल हा इतिहासकार; मनोविकाराने त्याला प्राध्यापकीस मुकावे लागले. त्याच्यावरील भाग २०१५ साली आला.

या मालिकेत आपल्या वाचकाला सर्वाधिक जवळची वाटेल ती मोझेस यांची कन्या डोरोथेया. १७६९ साली लाव्हाटर या स्विस पाळकाने मोझेस यांना ख्रिस्ती धर्म खोडून काढण्याचे, नाही तर तो स्वीकारण्याचे जाहीर आव्हान दिले. मोझेस यांनी सौजन्याने, पण ठामपणे आपल्या पूर्वजांच्या धर्मात राहणे पसंत केले. त्यांच्याच कन्येने बँकर सिमोन फाइट यांच्याशी झालेला विवाह १७९९ साली मोडला, साहित्यिक फ्रीडरिश श्लेगेल यांची सोबत धरली, १८०४ मध्ये पॅरिस येथे प्रोटेस्टंट पंथाची दीक्षा घेऊन त्यांच्याशी विवाह केला आणि १८०८ साली कोलोन येथे पतीसह कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली. तिची ‘फ्लोरेंटिन’ ही कादंबरी १८०१ साली तिच्या नावाविना, श्लेगेल यांचे नाव संपादक म्हणून घालून छापली गेली.

आपल्या धर्मपरंपरेत अशा जीवनाकडे श्रद्धेचा विजय म्हणून पाहिले जाते. तिचे दोन्ही पुत्र, योहानेस आणि फिलिप, हेही १८१० साली कॅथॉलिक झाले. रोममध्ये धर्मचित्रांना नवे तेज देऊ पाहणाऱ्या ‘नाझारेन’ चित्रकारांत त्यांची गणना होते. परंतु या कथेत सिमोन फाइटही आहेत. पत्नी गेली, पुत्रांनीही पित्याचा धर्म सोडला. तरी धर्मभेदामुळे आपले प्रेम उणावणार नाही, असे त्यांनी पुत्रांना कळविले आणि डोरोथेयालाही आर्थिक साहाय्य केले. सुवार्तेतील क्षमेचे आचरण येथे एका यहुदी पित्याने केले, हे ख्रिस्ती वाचकाने नम्रतेने मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली यहुद्यांशी असलेले आपले आध्यात्मिक नाते जाहीरपणे उच्चारले. ते नाते केवळ जुन्या करारापुरते नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव लिहिले गेले, त्या दिवशी मागे राहिलेल्या घराशीही ते आहे. डोरोथेया १८३९ साली फ्रँकफुर्ट येथे निवर्तली. तिचा पंथ आपला, तिचे माहेर यहुदी. तिच्याविषयी आस्थेने लिहिताना त्या माहेराचाही मान राखणे, हे आपले कर्तव्य आहे.